टेन्शन गेलं तर कामातली धार जाईल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मूळचे उदगीरकडचे, बारावी लातूरला केली, मग इंजिनीअरिंग, आता वय ३६ आणि वाळूजला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन हेड. शाळेपासून कायम वरच्या नंबरात. प्रमोशन झालं तेव्हापासून रात्री एकपर्यंत झोप नाही, पहाटे चारला टक्क जाग, घरी नि शॉपफ्लोअरवर माणसांवर खेकसणं वाढलंय, आणि मागच्या कस्टमर ऑडिटला, म्हणजे पार्ट घेणाऱ्या कंपनीनं तपासणी केली तेव्हा, तोंडपाठ असलेले आकडे ऐनवेळी आठवलेच नाहीत. बायको म्हणतेय कुणाला तरी दाखवा. आणि तुमचं म्हणणं, "टेन्शन घेतलं म्हणून तर इथवर आलो, मन शांत झालं तर धारच जाईल, मानसिक स्वास्थ्य वगैरे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत." मग विचारलंय की मन बरं असलं की काम खरंच सुधारतं, की हे फक्त ऐकायला छान वाटतं.

मी लातूरला काउन्सेलिंग करते. ट्यूशन एरियातली लेकरं, त्यांचे आईबाप, डॉक्टर, बँकवाले, आणि अलीकडे एमआयडीसीतले मॅनेजर लोक पण यायला लागलेत. "टेन्शन गेलं तर मी संपलो" हे वाक्य माझ्याकडे नापास झालेला माणूस कधीच बोलत नाही, हे कायम पहिला-दुसरा नंबर काढणाऱ्याचंच वाक्य. त्याला टेन्शन नको असतं पण सोडायचीही भीती वाटते, कारण आयुष्यात जे जे मिळालं त्या प्रत्येक वेळी पोटात गोळा होताच, मग त्या गोळ्यामुळेच मिळालं असं डोक्यात पक्कं बसतं. तुमचा खरा प्रश्न माझ्या मते हाच आहे. आनंदी राहायचं की नाही हा नंतरचा भाग.

आणि तुम्ही अर्धे बरोबर आहात, हे आधीच सांगून टाकते.

लातूरला बारावी केलेल्या माणसाला टेन्शनचे फायदे मी काय सांगणार. आपल्याकडचा पॅटर्न म्हणजे तोच चॅप्टर, तेच प्रश्न, परत टेस्ट, परत पेपर, हात बसेपर्यंत. जी गोष्ट हातात पक्की बसलीय ती भीतीच्या जोरावर अजून फास्ट होते, हे खरंच आहे. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकेतल्या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले होते. उंदरानं पांढरी पेटी नि काळी पेटी यातली बरोबर ओळखून आत जायचं, चुकला की विजेचा झटका. दोन पेट्यांतला फरक ढळढळीत होता तेव्हा झटका जितका जोराचा तितकं उंदीर लवकर शिकलं. पण फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा जोराच्या झटक्यानं गोंधळ व्हायला लागला आणि त्यापेक्षा हलक्या झटक्याला शिकणं चांगलं झालं. आता उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू करू नये, पण त्यातला एक मुद्दा मला माझ्या खुर्चीत बसून रोज दिसतो, की किती टेन्शन झेपेल हे काम किती अवघड आहे त्यावर ठरतं.

आता तुमचं बघा. दहावीला, बारावीला, आणि नोकरीत शिफ्ट इन्चार्ज असताना काम कष्टाचं होतं पण त्यात अंदाज लावायची भानगड कमी होती. लाइन चालू ठेवायची, टार्गेट काढायचं, जास्त वेळ थांबायचं. तिथं टेन्शननं तुम्हाला पळवलं. प्रॉडक्शन हेड झाल्यावर काय बदललं? दोन मशीन एकदम बंद पडल्या तर मेंटेनन्सचा माणूस कुठं पाठवायचा, कुठला जॉब बाहेर व्हेंडरला द्यायचा, कुठला सुपरवायझर कुणाबरोबर चालंल, कस्टमर म्हणतोय रेट कमी करा तर कुठपर्यंत वाकायचं. यातल्या कशालाच आन्सर की नाही. काम अवघड झालं, आणि तुम्ही मात्र टेन्शनचा डोस तोच ठेवला, उलट पद वाढलं म्हणून अजून वाढवला. शेतात डीपीवरून व्होल्टेज जास्त आलं म्हणून मोटार काही जास्त पाणी फेकत नाही, ती जळते, आणि मग रिवाइंडिंगला टाकावी लागते ती गोष्ट वेगळीच.

ऑडिटला आकडे का आठवले नाहीत ते सांगते, कारण तुम्ही त्याचा अर्थ "माझी बुद्धी कमी व्हायलीय" असा घेतलेला दिसतोय. डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवायची जागा असते, काउंटरवर चार डबे मावतात तेवढीच समजा. समोरचा विचारतोय ते, त्याचा आकडा, तो कसा मांडायचा, पुढची स्लाइड कुठली, एवढ्यात ती भरते. त्यात "हे फसलं तर वरचे काय म्हणतील, मला उगाच प्रमोशन दिलं म्हणतील का" हे येऊन बसलं की आकड्याला जागाच उरत नाही. आकडा डोक्यात असतो, फक्त त्या क्षणाला हाताला लागत नाही, गाडीत बसल्यावर लगेच आठवतो. तुम्हालाही पार्किंगमध्ये आठवला असणार. सायन बायलॉक आणि टॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गणितं देऊन हे तपासलं होतं, तर दबावाखाली मार्क घसरले ते ज्यांची ही डोक्यातली जागा मुळात मोठी होती त्यांचेच, बाकीच्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे जो हुशार माणूस एरवी ही जागा वापरून पुढं जातो, त्याचीच जागा काळजीनं खाल्ली की त्याला सगळ्यात जास्त फटका. तुमच्यासारख्याच्या बाबतीत मनाची अवस्था हा कामाचाच भाग झाला मग, चोचले कसले.

एक पोरगी आठवते, ओळख पटणार नाही एवढं बदलून सांगते. नीटची रिपीटर. वडील परभणीकडचे, कोरडवाहू शेती. "मॅडम, लेकरू रात्रंदिवस अभ्यास करायलंय पण मार्कच येईनात," असं म्हणत आणलं. तिला बोलतं केलं तर कळलं की अभ्यास झालेला होता, पेपरच पूर्ण होत नव्हता. १८० प्रश्न, १८० मिनिटं, चुकलं की एक मार्क कापला जातो, आणि ही प्रत्येक चार-पाच प्रश्नांनंतर ओएमआर शीटवर मागं जाऊन बघायची की गोल बरोबर काळा केलाय का. बघितलेलं परत बघायची. मला करून दाखवलं तिनं, बोट एकेका नंबरवर ठेवत, ओठ हलवत. त्यात जाणारी मिनिटं धरली तर फिजिक्सचे शेवटचे प्रश्न कोरे राहायचे, मग घरी सांगायची की फिजिक्स कच्चं आहे, मग वडील फिजिक्सची अजून एक ट्यूशन लावायचे. मी तिला बायोलॉजी शिकवली नाही की फिजिक्स. ठरवलं एवढंच की ओएमआर तपासायचं ते पानाच्या शेवटी, एकदाच. आणि वडिलांशी बोलून दर रविवारी टेस्ट झाली की लगेच फोन करून "किती पडले" विचारणं बंद करायला लावलं. त्यांना ते फार जड गेलं, म्हणाले मग काय विचारू? म्हटलं जेवलीस का विचारा. मार्क काही लगेच वाढले नाहीत हं, आधी पेपर पूर्ण व्हायला लागला, झोप लागायला लागली, मार्क त्याच्या मागून आले. क्रम साधारण असाच असतो आणि लोक इथंच घाई करतात, पंधरा दिवसांत रिझल्ट दिसला नाही की म्हणतात याचा उपयोग नाही.

आता खेकसण्याचं. हे तुम्ही प्रश्नात एका ओळीत उरकलंय, मला वाटतं तुमच्या परफॉर्मन्सचं सगळ्यात मोठं नुकसान इथं आहे. कारण हेड झाल्यावर तुमचा परफॉर्मन्स तुमच्या हातात राहतच नाही, तो खालच्या माणसांच्या तोंडातून किती खरं बाहेर पडतं त्यावर असतो. तुमच्याच लाइनमधला एक मॅनेजर येत होता माझ्याकडे. त्यांच्याकडे सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, बोअरिंगचं काम, पार्टातलं भोक नेमक्या मापाचं करायचं. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, घासत आलेला, बोअरचा म्हणजे त्या भोकाचा साइज हळूहळू सरकत चाललेला, पार्ट अजून लिमिटमध्ये होता पण चार्टवरचे ठिपके एकाच बाजूला चालले होते. ऑपरेटरला दिसत होतं. भोकाचं माप तपासायचा गो गेज आत जाताना घट्ट लागायला लागला होता, त्याच्या हाताला कळत होतं. पण आदल्याच दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये टूलचा खर्च वाढला म्हणून साहेबांनी एकाला सगळ्यांसमोर फाडलं होतं. मग यानं विचार केला, शिफ्ट संपेपर्यंत निघून जाईल, पुढचा बघून घेईल. नाही निघालं. पूर्ण लॉट सॉर्टिंगला गेला, एकेक पार्ट परत तपासून खराब ते वेगळे काढायला. मॅनेजर मला सांगत होते की "लोकांना जबाबदारीच नाही", आणि मी विचारलं की त्या ऑपरेटरनं तुम्हाला येऊन सांगितलं असतं तर तुमचं पहिलं वाक्य काय असतं? बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आत्ता सांगायलास व्हय बे, असं म्हणलो असतो."

हॉस्पिटलमध्ये यावर एक प्रसिद्ध काम झालंय, एमी एडमंडसन यांचं, १९९६ सालचं. औषध देण्यातल्या चुका कुठल्या टीममध्ये जास्त होतात ते बघायला गेल्या तर उलटंच निघालं, ज्या टीममध्ये वातावरण चांगलं, प्रमुख समजून घेणारी, तिथं चुका जास्त नोंदलेल्या. कारण तिथं माणसं चुका सांगत होती. बाकीच्या ठिकाणी त्या लपून राहत होत्या. तुमच्या प्लांटमध्ये रिजेक्शनचा आकडा कागदावर छान दिसतोय आणि कस्टमरकडून कंप्लेंट येतायत असं होत असेल तर एकदा या बाजूनं बघा.

झोपेचं पण तुम्ही सहज लिहून गेलात, की तीन-चार तास झोप पुरते मला. पुरत नाही. पहाटे चारला उठलेल्या माणसाला रात्री नऊला जागून १७ तास होतात, आणि १७ तास सलग जागलेल्या माणसाची लक्ष देण्याची, हात हलवण्याची क्षमता रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाएवढी खाली येते, हे १९९७ पासून वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्यातली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. तुम्ही रोज नऊला नगर रोडनं कंटेनरच्या गर्दीतून स्वतः गाडी चालवत घरी येता असं लिहिलंय. म्हणजे एक थेंब न पिता रोज त्या अवस्थेत गाडी चालवताय आणि त्याच डोक्यानं व्हेंडरशी रेट बोलताय. आणि पिता की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण झोप यावी म्हणून दोन पेग घेणारे मॅनेजर मला नवीन नाहीत. पेगनं झोप लवकर लागते, मग रात्रीच्या उत्तरार्धात तुटते, पहाटे चारला जाग येण्याचं ते एक कारण असू शकतं. मेडिकलवाल्याकडून ओळखीवर झोपेची गोळी आणणं तर अजिबात नको, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते आणि मग सोडताना जे हाल होतात ते मी बघितलेत.

बरं, आता तुमच्या मूळ भीतीकडे, धार जाईल याकडे. २०१२ मध्ये ब्राइनेस आणि चेन या दोघींनी कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांना आधी एक मुद्दाम अवघड शब्दांची टेस्ट दिली, बहुतेकांची वाट लागली. मग एका गटाला सांगितलं की असं बऱ्याच जणांचं होतं, स्वतःवर फार कडक होऊ नका. दुसऱ्या गटाला तसं काही सांगितलं नाही, आणि तिसऱ्या गटाला आत्मविश्वास वाढेल असं सांगितलं, की तुम्ही हुशारच आहात म्हणून तर इथं आलात. मग परत टेस्ट आहे, पाहिजे तेवढा अभ्यास करा म्हणाले. सगळ्यात जास्त वेळ अभ्यास केला तो "कडक होऊ नका" सांगितलेल्यांनी. तुमचा हिशोब याच्या बरोबर उलटा आहे ना? स्वतःला सूट दिली की माणूस ढिला पडतो, असं आपल्या घराघरात मानतात. पण स्वतःला शिव्या घालणारा माणूस चुकीकडे नीट बघतच नाही, बघणं एवढं लागतं त्याला की तो ती झाकतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो. ज्याला चुकीनंतरही स्वतःची लाज वाटत नाही तो ती उचलून बघतो आणि दुरुस्त करतो. तुम्ही ऑडिटचं रेकॉर्डिंग किंवा नोट्स परत बघितल्यात का? बहुतेक नाही. मला ज्या ज्या टॉपरनं "मी स्वतःवर फार कडक आहे" सांगितलंय त्यातल्या फार थोड्यांनी आपला फसलेला पेपर शांतपणे उघडून बघितलेला असतो.

खेळाडूंचं उदाहरण द्यायची पद्धत आहे, मीही देते पण एकच. सिमोन बाइल्स, जिम्नॅस्ट. टोकियो ऑलिम्पिकला, २०२१ मध्ये, टीम फायनलमधून मध्येच बाहेर पडली, हवेत असताना शरीर कुठं आहे तेच कळेनासं झालं होतं तिला. लोकांनी काय काय लिहिलं तेव्हा, घाबरट म्हणाले, संपली म्हणाले. तीन वर्षांनी पॅरिसला तीन सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन गेली, आणि तिनंच सांगितलं की टीम फायनलच्या दिवशी सकाळी ती आपल्या थेरपिस्टशी बोलली होती. म्हणजे मनावर काम करून धार गेली नाही. आणि फक्त जिंकलं की सगळं नीट होतं असंही नाही, आपल्या अभिनव बिंद्रानं २००८ ला बीजिंगला सुवर्ण जिंकल्यानंतर आलेल्या रिकामपणाबद्दल स्वतः उघडपणे बोललंय. पुढच्या प्रमोशनला सगळं ठीक होईल असं जे तुम्ही शेवटी लिहिलंय ना, ते वाचून मला हे आठवलं.

हां, आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या न बघता मी काही ठाम बोलणार नाही.

एक म्हणजे शरीर. चिडचिड, जाग, विसरणं हे सगळं थायरॉइडमुळं, साखर किंवा बीपीमुळं, घोरत असाल तर झोपेत श्वास अडकण्यामुळंही होतं. आधी फिजिशियनकडे जाऊन हे तपासून घ्या. दुसरं, पहाटे लवकर जाग येणं, त्याबरोबर कशातच मन न लागणं, भूक जाणं, सारखं वाईट वाटणं, हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त, जवळजवळ रोज चालू असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, तिथं काउन्सेलिंगच्या गप्पा पुरणार नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ लागतो. तुमच्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत, म्हणजे सरकारी हॉस्पिटलातही तो विभाग आहे, प्रायव्हेट परवडत असेल तर तिथं जा. आणि कधी जीव नकोसा झाल्याचे विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

तिसरं कंपनी. तुमच्याकडे तीन माणसांचं काम एकट्यावर टाकलं असेल, वरचा माणूस रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर आकडे मागत असेल, तर कितीही श्वासाचे व्यायाम करा, फरक थोडाच पडणार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली त्यात स्पष्ट म्हटलंय की हे कामाच्या ठिकाणच्या न सांभाळलेल्या ताणातून येतं. सगळा दोष माणसाच्या मनावर टाकून कंपनीत एक दिवस योगाचं सेशन ठेवलं की काम झालं, असं मानणाऱ्यांचा मला राग येतो, खरं सांगते. तुमचा प्रॉब्लेम यातला किती आहे ते तुम्हीच मला लिहा.

आणि चौथं, पैसा. तुम्ही घरातले पहिले इंजिनीअर, गावाकडं शेती पावसावर, बहिणीचं लग्न तुम्ही केलंत. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं लातूरला, ते ज्यांनी बघितलंय त्या घरातल्या मुलाला "रिलॅक्स हो" सांगणं सोपं नाही. तुमचं टेन्शन आकाशातून पडलेलं नाही, त्याला कारण होतं, एक परीक्षा हुकली असती तर खरंच परत शेतावर जावं लागलं असतं. ते तेव्हाचं खरं होतं. आज तुमच्याकडे पंधरा वर्षांचा अनुभव आहे, एक ऑडिट फसलं तर तुम्ही उदगीरला परत जात नाही. पण शरीराला अजून तेच वाटतंय की बारावीचा पेपर आहे. त्याला हे नवीन शिकवायला वेळ लागतो.

करायचं काय, तर मी तुम्हाला मन शांत करा असं सांगणारच नाही, त्याला तुम्ही घाबरता आणि ऐन ऑडिटच्या आधी ते होतही नाही. हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये बघितलं होतं की भाषणाच्या, गणिताच्या आधी "मी शांत आहे" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला जोश आलाय" म्हणणाऱ्यांचं काम चांगलं झालं. छाती तर दोन्हीकडे धडधडतच असते, तिला नाव काय देता त्यावर पुढचं ठरतं. तुमच्या स्वभावाला हे जास्त जमेल असं मला वाटतं. पुढच्या ऑडिटच्या दिवशी सकाळी दहा मिनिटं बसून कागदावर लिहा की कशाची भीती वाटतेय, जशी वाटतेय तशी, शिव्यांसकट, आणि कागद फाडून टाका. परीक्षेच्या आधी असं लिहून घबराट असलेल्या मुलांचे मार्क सुधारल्याचं २०११ मध्ये बायलॉक यांच्याच एका अभ्यासात आलं होतं, आणि माझ्याकडच्या नीटवाल्या लेकरांना मी हे कायम करायला लावते, बहुतेकांना उपयोग होतो, काहींना नाही, उलट अजून घाबरतात, त्यांना मी बंद करायला सांगते.

रात्रीचं मात्र बिनतक्रार करा. झोपायच्या आधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी, भावना नको, फक्त कामं, जितकी बारीक तितकी चांगली, "मेंटेनन्सला फोन" नको, "सव्वानऊला मेंटेनन्सला स्पिंडलबद्दल फोन" असं. डोकं रात्री एक वाजता जे घोळवत बसतं ते बहुतेक हेच असतं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. आणि चारला जाग आलीच तर अंथरुणात पडून प्लांटचा ग्रुप उघडू नका, नाईट शिफ्टचा आकडा चारला बघून तुम्ही करणार काय आहात?

शॉपफ्लोअरवर एकच गोष्ट बदला, महिनाभर. कुणीही वाईट बातमी घेऊन आला तर तुमचं पहिलं वाक्य आधीच ठरवून ठेवा. त्या मॅनेजरनं ठरवलं होतं, "बरं झालं सांगितलंस, चल दाखव." राग गिळायचा असं मी म्हणत नाही, चेहरा दगडासारखा ठेवून आत राग दाबला तर त्यातच लक्ष जातं आणि समोरचा काय सांगतोय ते नीट लक्षातही राहत नाही, यावरही अभ्यास झालेत. राग आला तर आलाय म्हणा, "मला याचा त्रास झालाय, पण आधी मशीन बघू." एवढं बोललं तरी समोरच्याला कळतं आणि तुमचं डोकंही जरा मोकळं होतं. सुरुवातीला नाटक वाटेल, लोक पण एकमेकांकडं बघतील की साहेबांना काय झालं. चालतंय. पहिल्या महिन्यात तुमच्यापर्यंत येणारे प्रॉब्लेम वाढलेले दिसतील, घाबरू नका, ते आधीपासूनच होते.

शेवटी एक, जे तुम्ही विचारलं नाही पण वाचताना खटकलं. तुमच्या आख्ख्या प्रश्नात कामाबाहेरची एकही गोष्ट नाही, बायको आलीय तीही तक्रार करायला. कॉलेजला असताना कबड्डी खेळायचो असं ओघात लिहिलंय. ज्यात नंबर नाही, ज्याचा रिपोर्ट कुणाला द्यायचा नाही, असं काहीतरी आठवड्यातून दोनदा तरी पाहिजे, मग ते मैदान असो, भजन असो की गावी जाऊन नुसतं बांधावर बसणं असो. फक्त त्याचंही टार्गेट करू नका, मला माहीत आहे तुम्ही लोक मॅरेथॉनला नाव घालता आणि तिथंही टायमिंगवरून झोप घालवता.

बायकोला काय सांगू असं विचारलंय, तर सांगा की फिजिशियनची अपॉइंटमेंट घेतलीय. आणि तपासायला जाताना त्यांना सोबत न्या. तुम्ही झोपेत घोरता का, श्वास मध्येच थांबतो का, चिडचिड नक्की कधीपासून वाढली, जेवण कमी झालंय का, हे डॉक्टर तुम्हाला विचारतील पण त्याची उत्तरं तुमच्यापेक्षा बायकोला जास्त नीट देता येतील. रिपोर्ट आले की लिहा, त्यावर पुढचं बोलू.